काम भरपूर, गल्ला रिकामा: दर महिन्याच्या २५ तारखेची अडचण

मी प्लंबिंगची कामं घेणारा छोटा ठेकेदार, आणि हे माझ्यासारख्यांसाठीच लिहितोय. लक्षणं आधी लिहितो, म्हणजे तुमचा आजार हाच का ते कळेल. कारागीर-हेल्परच्या दोन जोड्या रोज कामावर आहेत. पुढच्या तीन आठवड्यांच्या तारखा देऊन झाल्यात. नवीन चौकशी आली तर "बघतो, सांगतो" म्हणावं लागतंय. आणि तरीही २५ तारखेच्या आसपास हार्डवेअरवाल्याचं नाव फोनवर दिसलं की फोन उलटा करून ठेवावासा वाटतो. मग कुठल्यातरी नवीन कामाचा ॲडव्हान्स येतो, त्यातून जुन्या कामाचं मटेरियल सुटतं, पोरांची खर्ची भागते, महिना ढकलला जातो. ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर. पुढच्या २५ ला परत तेच.

मी कळव्याला राहतो. प्लंबिंग आणि वॉटरप्रूफिंगची कामं ठाणे, घोडबंदर रोड, ऐरोली, कोपरखैरणे या पट्ट्यात घेतो. चौदा वर्षं झाली. त्यातली पहिली नऊ वर्षं मी ही टोपी इतक्या सफाईने फिरवली की धंदा जोरात चाललाय असं मलाही वाटायचं. एकदा जूनमध्ये बायकोने विचारलं, "अहो, वर्षभर रविवारीसुद्धा घरी नसता, मग पोरीच्या फीच्या वेळी दरवर्षी माझ्या बांगड्याच का आठवतात?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. इथे जे लिहितोय ते त्या प्रश्नापासून सुरू झालं.

या आजारावर आपण सगळे एकच औषध घेतो: अजून एक काम. तेच औषध आजार वाढवतं. प्रत्येक कामात जर दोन-तीन हजार पदरचे जात असतील तर दहाऐवजी पंधरा कामं घेतल्याने काय होणार, तुम्हीच सांगा. फक्त ॲडव्हान्स जास्त येतो, म्हणून दोन महिने बरं वाटतं.

पहिली तपासणी: अडकलंय, की कमावलंच नाही?

खिशात पैसे नाहीत याची कारणं दोन असू शकतात. एक, तुम्ही कमावलंय पण ते लोकांकडे अडकून पडलंय. दोन, तुम्ही कमावलेलंच नाही. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, म्हणून बहुतेक जण आयुष्यभर पहिलं कारण सांगत राहतात. "मार्केटमध्ये पैसे अडकलेत" हे वाक्य चारचौघांत बरं दिसतं ना.

एक कोरा कागद घ्या. डाव्या बाजूला बँकेतली आणि हातातली रक्कम, खाली लोकांकडून येणं. येणं म्हणजे ज्या कामाचं बिल दिलंय आणि समोरच्याने मान्य केलंय तेवढंच. "देतील बहुतेक" ते नाही. उजव्या बाजूला दुकानदारांची उधारी, चढलेली हाजरी (पोरांची द्यायची राहिलेली रोजंदारी), सरकारचा जीएसटी. आणि शेवटची ओळ, जी कुणीच लिहीत नाही: घेतलेल्या ॲडव्हान्सपैकी ज्याचं काम अजून झालेलं नाही ती रक्कम. तो पैसा तुमच्या खात्यात असला तरी तुमचा नाही. ते कर्ज आहे, फक्त फेडायचं पैशात नाही, कामात.

माझा त्या जूनचा कागद असा होता. बँक आणि रोख मिळून ८५,०००. येणं २,४०,०००. म्हणजे डावीकडे ३,२५,०००. उजवीकडे दुकानांचे १,१०,०००, हाजरी ४५,०००, जीएसटी ३२,०००, आणि न केलेल्या कामांचे ॲडव्हान्स १,८०,०००. बेरीज ३,६७,०००. सगळ्यांनी सगळे पैसे त्याच दिवशी आणून दिले असते तरी मी ४२,००० रुपयांनी खड्ड्यात होतो. त्या दिवसापर्यंत मी घोडबंदरच्या एका सोसायटीच्या नावाने बोटं मोडत होतो.

हा कागद तीन महिने, दर २५ तारखेला करा. आकडा धन असेल आणि वाढत असेल, तर तुमचा रोग उधारीचा. सरळ खाली उधारीच्या भागावर जा. ऋण असेल किंवा महिन्यागणिक घसरत असेल, तर रोग रेटमध्ये आहे. वसुलीच्या मागे धावून तो बरा होत नाही.

जोडीचा दिवस खरा केवढ्याला पडतो

माझ्या अनुभवात दहातल्या सात-आठ जणांचं इथेच चुकतं, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

एक प्लंबर आणि एक हेल्पर, ही आपली जोडी. समजा प्लंबरची हाजरी १,००० आणि हेल्परची ७००. जोडी १,७०० ला. क्वोटेशन करताना आपण काय करतो? "सहा दिवसांचं काम आहे, सहा सतरा दहा हजार दोनशे," असं मनात म्हणतो आणि पुढे जातो.

पण पोरं कायमची ठेवायची असतील तर हाजरी २६ दिवसांची द्यावी लागते, आणि गिऱ्हाइकाच्या बिलात धरता येतील असे दिवस २६ नसतात. मी एक वर्ष डायरी ठेवली. एका दिवशी वॉचमनने पास नाही म्हणून गेटवर थांबवलं, सेक्रेटरी ऑफिसातून संध्याकाळी आला. एका दिवशी सर्व्हिस लिफ्ट बंद, चौदाव्या मजल्यावर सिमेंटच्या गोण्या नेणार कोण. मालकाने निवडलेल्या टाइल्स आल्याच नाहीत. गायमुखच्या घाटात कंटेनर बंद पडला आणि कासारवडवलीला पोहोचायला साडेअकरा वाजले. जुन्या कामात गळती निघाली, फुकटची फेरी. एक काम गुरुवारी संपलं, दुसरं सोमवारी सुरू होणार होतं. हे सगळे दिवस हाजरीचे आहेत, बिलाचे नाहीत. एप्रिल-मेमध्ये मला महिन्याला चोवीस दिवस मिळाले, जुलैत जेमतेम चौदा. वर्षाची सरासरी आली वीस.

आता गणित करा. जोडीचा महिन्याचा खर्च २६ गुणिले १,७००, म्हणजे ४४,२००. भागिले २० दिवस. २,२१० रुपये. १,७०० नाही.

यावर धंद्याचा वरखर्च. गाळ्याचं भाडं ९,०००. टेम्पो-स्कूटरचं पेट्रोल आणि दुरुस्ती ७,०००. ड्रिलचे बिट, कटरच्या पात्या, हरवलेले पाने ३,०००. फोन, सीए, विमा ३,०००. पोरांची दिवाळी, दवाखाना असं वर्षाचं धरून महिन्याला ३,०००. आणि माझा पगार ४०,०००. हो, मालकाचा पगार हा खर्च आहे. साइट बघणं, माप घेणं, मटेरियल आणणं, भांडणं मिटवणं यासाठी दुसरा माणूस ठेवलात तर त्याला फुकट राबवाल का? एकूण ६५,०००. दोन जोड्यांचे मिळून बिलाचे दिवस ४०, म्हणजे प्रत्येक दिवसावर १,६२५.

दोन्ही मिळून ३,८३५. जोडीचा एक दिवस मला एवढ्याला पडतो, आणि मी नऊ वर्षं तो १,७०० ला विकत होतो, वर "वीस टक्के मार्जिन" लावून.

एका जुन्या कामावर हे लावून बघितलं. दोन बाथरूमची नवीन लाईन, सहा दिवस, मटेरियल ३८,०००, सगळे आकडे जीएसटी सोडून. माझं क्वोटेशन होतं ३८,००० अधिक १०,२००, त्यावर वीस टक्के, म्हणजे ५७,८४०. खरा खर्च ३८,००० अधिक सहा दिवसांचे २३,०१०, म्हणजे ६१,०१०. तीन हजार एकशे सत्तर रुपये मी गिऱ्हाइकाला माझ्या खिशातून दिले. गिऱ्हाईक खूश होतं, त्यांनी आणखी दोन ओळखी दिल्या. त्या दोन्ही कामांतही मी असाच खुशी वाटत गेलो.

माझा पगार धरला नाही तर त्या कामात २,८३० उरलेले दिसतात, आणि आपण त्यालाच नफा म्हणतो. त्या कामाच्या वाट्याला माझा पगारच ६,००० येत होता. म्हणजे मी माझ्याकडेच अर्ध्या पगारावर नोकरी करत होतो.

तुमचे आकडे वेगळे असतील. वायरिंगवाल्याचा वरखर्च कमी, फॅब्रिकेशनवाल्याचा जास्त. पण डायरी न ठेवता वीस दिवस धरू नका. माझ्या ओळखीतला एक पेंटर स्वतःच्या भरवशावर चोवीस धरायचा, मोजले तेव्हा सतरा निघाले.

जुलैचं एक वेगळं सांगतो. चौदा दिवसांच्या महिन्यात तोच दिवस साडेपाच हजाराच्या घरात जातो. तेव्हा रेट वाढवून चालत नाही, गिऱ्हाईक पळतं. म्हणून एप्रिल-मेमध्ये, सगळ्या सोसायट्यांना पावसाआधी टेरेस उरकायची घाई असते तेव्हा, एक रुपयाही कमी करायचा नाही. त्या दोन महिन्यांवर जुलै-ऑगस्ट काढायचे असतात. गळतीच्या तपासणीची छोटी कामं पावसात येतात. त्यांना भेटीचा (व्हिजिटचा) आकार वेगळा लावा, बिल झालं तर त्यात वळता करा.

वीस टक्के लावले तर वीस टक्के सुटत नाहीत

हे मला एका मारवाडी दुकानदाराने कॅल्क्युलेटरवर करून दाखवलं, तोपर्यंत कळलं नव्हतं. लाखाच्या खर्चावर वीस टक्के चढवले, बिल झालं १,२०,०००. सुटले वीस हजार. ते बिलाच्या किती? १६.६७ टक्के. आता गिऱ्हाईक म्हणतं, "भाऊ, दहा टक्के तरी कमी करा." आपण म्हणतो, वीसातले दहा गेले, दहा उरले. तसं नाही. दहा टक्के बिलावर जातात, म्हणजे १२,०००. हातात उरले ८,०००. दहा टक्क्यांच्या सुटीत साठ टक्के नफा गेला.

बिलावर वीस टक्के सुटायला हवे असतील तर खर्चाला ०.८० ने भागायचं: लाखाचे १,२५,०००. पंधरा हवे असतील तर ०.८५ ने. वरच्या बाथरूमच्या कामाला ६१,०१० भागिले ०.८५, म्हणजे ७१,८०० च्या आसपास.

"एवढा रेट सांगितला तर काम मिळेल का?" सगळी नाही मिळणार. मी रेट बदलला तेव्हा पहिल्या तीन महिन्यांत निम्मी क्वोटेशन परत आली. पोट ढवळतं तेव्हा, खोटं नाही बोलत. पण जी गेली ती बहुतेक ५८ हजारवालीच होती, आणि ५८ हजारात ते काम करणाऱ्याचं काय होतं ते मी नऊ वर्षं स्वतः बघितलं होतं.

रेट कमी करावाच लागला तर कामही कमी करा. "तोडफोडीचा डेब्रिज तुम्ही उचला, तीन हजार कमी करतो." "फिटिंग तुमचं तुम्ही आणा." नुसता आकडा खाली आणलात तर गिऱ्हाइकाला वाटतं की आधीचा आकडा फुगवलेला होता, आणि मग शेवटच्या बिलातही ते तेवढंच कापायला बघतं.

क्वोटेशनवर मुदत लिहा. मी पंधरा दिवस लिहितो. पाईपचे भाव कच्च्या मालाबरोबर वरखाली होतात आणि मार्चचं क्वोटेशन घेऊन लोक मे महिन्यात फोन करतात. उलटही होतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, तेव्हा पेपर वाचून तीन गिऱ्हाइकांनी "आमचे दहा टक्के कमी करा" म्हणून फोन केले. सिमेंटवर भरलेल्या कराची वजावट मला आधीही मिळतच होती, त्यामुळे माझा खर्च त्या बदलाने फारसा हलला नाही. हे फोनवर समजावणं मात्र सोपं नव्हतं.

"जाता जाता तेवढं करून द्या ना"

या वाक्याला मी आता घाबरतो. बाल्कनीत एक नळ, गिझरची जागा फूटभर सरकवा, वॉशिंग मशीनला एक पॉइंट. काम चालू आहे, भिंत फोडलेलीच आहे, ताई चहा घेऊन आलेल्या आहेत. नाही कसं म्हणायचं? आणि पैसे तरी कसे सांगायचे?

कोपरखैरण्याच्या एका कामात मी अशा "तेवढ्या" नऊ गोष्टी केल्या. अडीच दिवस गेले. शेवटच्या बिलात लावल्या तर काका म्हणाले, "हे तर तुम्ही आपणहून केलंत." खरंच होतं, मी कुठे काही बोललो होतो.

आता माझा एकच नियम आहे. जास्तीचं काम सांगितलं की "हो काका, करू," म्हणायचं आणि तिथल्या तिथे व्हॉट्सॲपवर लिहायचं: बाल्कनीत नवीन नळ, मटेरियलसकट अमुक रुपये, चालेल का? "चालेल" आलं की छिन्नीला हात लावायचा. रक्कम शून्य असली तरी लिहायचं: "भेट". त्याने दोन गोष्टी होतात. निम्मी जास्तीची कामं रद्द होतात, आणि जी भेट दिली ती समोरच्याच्या लक्षात राहते. प्लंबरलाही सांगून ठेवलंय, गिऱ्हाइकाने काही सांगितलं तर उत्तर एकच: "दादांना मेसेज टाका."

एका एल्बोची किंमत

बहुतेक सोसायट्यांत काम दहाला सुरू, दुपारी दोन तास ठोकाठोक बंद, सहाला बाहेर. म्हणजे दिवसाचे सहा तास. ३,८३५ भागिले सहा, तासाला साधारण ६४० रुपये. आता वीस-पंचवीस रुपयांचा एल्बो (पाईप वळवायचा जोड) कमी पडला, हेल्पर खाली गेला, दुकान शोधलं, आला. तोवर प्लंबर मोबाईल बघत बसला. दोन तास गेले, १,२८० रुपये.

यावर उपाय कंटाळवाणा आहे. प्रत्येक प्रकारच्या कामाची मटेरियलची यादी एकदाच पक्की करायची आणि एल्बो, टी, ब्रासचे एमटीए-एफटीए (आट्यांचे जोड), सोल्व्हंट (पाईप चिकटवायचं) यांचा एक डबा जोडीबरोबर कायम ठेवायचा. शनिवारी डबा भरायचा. मोठा माल लोहार चाळीतून किंवा नागदेवीहून आणला की स्वस्त पडतो हे खरं, पण तुमचा अर्धा दिवस त्यात धरा आणि मगच स्वस्त म्हणा. मी आता महिन्यातून एकदाच जातो.

फुकटच्या फेऱ्यांचंही तेच. टाइल बसायच्या आधी लाईनला हातपंपाने प्रेशर देऊन काटा दोन तास हलत नाही हे मालकाला दाखवायचं, फोटो काढायचा. वॉटरप्रूफिंग झाल्यावर पाणी ४८ तास भरून ठेवायचं आणि खालच्या मजल्यावरच्यांना बोलावून छत दाखवायचं. दोन दिवस मोडतात म्हणून आपण टाळतो. पण नंतर टाइल फोडून जो जॉइंट शोधावा लागतो, तो या दोन दिवसांच्या कैक पट महाग पडतो, शिवाय इज्जत जाते ती वेगळी.

जीएसटी: खात्यात दिसणारा दुसऱ्याचा पैसा

सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की नोंदणी करावी लागते, आणि आपल्या कामावर साधारण १८ टक्के लागतो. १,१८,००० खात्यात आले की त्यातले १८,००० आपले नाहीत हे सगळ्यांना माहीत असतं. तरी ते खर्च होतात, कारण ते एकाच खात्यात असतात. महिन्याला रिटर्न भरणाऱ्याला २० तारीख गाठावी लागते. तिमाहीवाल्यांनाही तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांचा कर पुढच्या महिन्याच्या २५ पर्यंत भरावा लागतो. माझी अडचण बरोबर २५ लाच का यायची, त्याचं निम्मं उत्तर इथे होतं.

त्यातून आपल्या सेवेत कर बिलावर लागतो, वसुलीवर नाही. बिल मार्चमध्ये फाडलं आणि पैसे जूनमध्ये आले तरी कर एप्रिलमध्ये जातो. कामासाठी घेतलेल्या ॲडव्हान्सवरही लागतो. तेव्हा काम अर्धवट असताना गिऱ्हाईक म्हणालं म्हणून पूर्ण बिल देऊन टाकू नका. जेवढं मान्य झालं तेवढंच बिल.

उपाय: त्याच बँकेत दुसरं खातं. पैसे आले की त्याच दिवशी कर तिकडे. वजावटीनंतर भरायचा आकडा कमी निघतो, उरलेलं तिथेच राहू द्या, दिवाळीला कामाला येतं. दुकानदार आपलं बिल वेळेवर पोर्टलवर चढवतो की नाही हेही बघा; नाहीतर वजावट अडकते आणि "स्वस्त" दुकान महाग पडतं.

टीडीएसचं, म्हणजे पैसे देतानाच कापल्या जाणाऱ्या आयकराचं, थोडक्यात. सोसायटी किंवा कंपनी एका बिलाला ३०,००० च्या वर किंवा वर्षाला मिळून १ लाखाच्या वर पैसे देत असेल तर आपल्यासारख्या एकट्या मालकाचा १ टक्का कापते. तो तोटा नाही, रिटर्न भरून मिळतो. फक्त तो तुमच्या पॅनवर जमा झालाय का ते आयकराच्या पोर्टलवर बघत जा. मला एकदा दोन वर्षांनी कळलं की एका ठिकाणी पॅनचा एक आकडा चुकला होता.

आणि सीएने रिटर्नमध्ये उलाढालीच्या आठ किंवा सहा टक्के नफा धरला म्हणजे तेवढा नफा झाला असं नव्हे. ती कर भरण्याची सोय आहे. त्या सोयीमुळे वह्या ठेवायची सवय मोडते, आणि मग असे लेख लिहायची वेळ येते.

उधारीचा रोग निघाला तर

ज्यांचा कागद धन आला त्यांच्यासाठी. घरमालकाकडे मी आता असं ठेवतो: ॲडव्हान्स एवढा की पहिल्या लॉटचं मटेरियल पूर्ण निघेल. पुढे आठवड्याला रनिंग बिल, म्हणजे तोवर झालेल्या कामाचं. शेवटी दहा टक्क्यांपेक्षा जास्त उरू द्यायचं नाही. कारण काम संपलं की तुमची गरजही संपते, मग फोन उचलला जात नाही.

सोसायटीच्या कामात पाच टक्के रिटेन्शन (बिलातून राखून ठेवलेली रक्कम) वर्षभर अडकतं. त्याचं वहीत वेगळं पान ठेवा आणि या वर्षी ते पैसे नाहीतच असं समजा. चेकवर सही करणारे कमिटीचे लोक बदलतात, निवडणूक लागते, नव्या सेक्रेटरीला तुमचं काम माहीत नसतं. म्हणून मेजरमेंट शीटवर (झालेल्या कामाच्या मापांच्या कागदावर) प्रत्येक टप्प्याला सही घ्या.

इंटिरियरवाले आणि बिल्डर यांच्याकडे अडकत असेल तर उद्यम नोंदणी (सरकारकडे छोटा उद्योग म्हणून नोंद) करून घ्या, फुकट आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्यात लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस आणि नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायची अट आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, तेही दर महिन्याला चक्रवाढ व्याज. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून, सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे मुदतीत न देणाऱ्या कंपनीला तो खर्च पैसे देईपर्यंत करातून वजा करता येत नाही. त्यामुळे मार्चमध्ये त्यांचा अकाउंटंट स्वतःहून फोन करतो, हा माझा अनुभव. मजुरीसकट मटेरियलच्या ठेक्याला, म्हणजे वर्क्स कॉन्ट्रॅक्टला, हा कायदा लागतो का यावर कोर्टात वाद झालेले आहेत, तेव्हा त्याच्या जोरावर फार उडी मारू नका. घरमालकाला तर तो धाक नाहीच.

मी स्वतः एका इंटिरियरवाल्याचं काम सोडलं. वर्षाला पंधरा फ्लॅट द्यायचा. नव्वद दिवसांनी पैसे, पॉइंटचा रेट तीन वर्षं तोच. सोडताना वाटलं, बुडालो. तीन महिन्यांनी कागदावरचा आकडा पहिल्यांदा शून्याच्या वर आला.

दुरुस्ती टिकली का ते कसं बघायचं

शनिवारी संध्याकाळी अर्धा तास. संपलेल्या प्रत्येक कामाची एक ओळ: धरलेले दिवस, लागलेले दिवस, धरलेलं मटेरियल, लागलेलं मटेरियल, उरलं किती. सॉफ्टवेअर लागत नाही, दोनशे पानी वही पुरते. आठ-दहा ओळी झाल्या की दिसायला लागतं. मला दिसलं ते असं: ज्या मोठ्या बाथरूमच्या कामांचा मला अभिमान होता त्यात मी दरवेळी दीड दिवस कमी धरत होतो, आणि गळती शोधायची छोटी कामं, ज्यांना मी किरकोळ म्हणायचो, ती सगळ्यात जास्त सोडत होती.

महिन्याच्या एक तारखेला पगार घरच्या खात्यात जातो, तेवढाच. आधी मी धंद्याच्या खात्यावरून भाजी आणायचो, पोरीचा रिचार्ज करायचो, यूपीआयवर बोट ठेवलं की झालं. मग २५ तारखेला कळणार कसं की पैसे कामात गेले की कोथिंबिरीत?

सहा महिन्यांनीही आकडा हलला नाही तर वहीत एक गोष्ट तपासा: ओळखीपाळखीची कामं. माझ्या वहीत एका वर्षी अशी अकरा निघाली. मेव्हण्याचं किचन, शाखेतल्या मित्राची टाकी, मामांच्या बिल्डिंगचं डाऊनटेक (सांडपाण्याचा उभा पाईप). सगळीकडे "आपल्याच माणसाकडून काय घ्यायचं." ती कामं मी आजही करतो, नाहीतर लग्नकार्यात तोंड दाखवायची सोय राहणार नाही. पण आता बिल पूर्ण रेटने करतो आणि खाली एक ओळ टाकतो: वजा, आहेर. गेल्या वर्षी आहेर ३८,००० चा झाला. बायकोने ती ओळ वाचली आणि विचारलं, यातला माझ्या माहेरचा किती आणि तुमच्याकडचा किती. तो हिशोब मी अजून केलेला नाही.